वरून येणारा चेंडू

सबुरीमामाची बॅटिंग बघायची तर बॅटकडे बघून उपयोग नव्हता, पायांकडे बघायला लागायचं. मामा म्हणजे सिटी बसचा ड्रायव्हर. पन्नाशी कधीच उलटलेली, पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरायचे. पण रविवारी सकाळी डेपोच्या टीमचा निळा शर्ट चढवून तो मैदानात उतरला, की समोर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण आहे हे त्याच्या डोक्याच्या आधी त्याच्या पायांना कळायचं. पाय आपले आपण मागे सरकायचे, पुढे यायचे, टाच वळवायचे. मग बॅट फिरायची ती अगदी शेवटी, आणि चेंडू बरोबर दोन माणसांच्या मधून निघून जायचा.

खेळ होता स्लोपिच सॉफ्टबॉल. नाव ऐकून हसू नका. चेंडू हाताखालून, हळू आणि उंच टाकायचा. निदान माणसाच्या डोक्यावरून तो गेलाच पाहिजे, असा नियम. मग तो उतरत येतो. बॅटवाल्याच्या पुढ्यात एक रबरी चटई अंथरलेली असते, तिच्यावर येऊन टेकला की स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की गुमान चालू लागायचं. नवख्याला वाटतं, हात्तिच्या, हे तर कुणीही मारील! मग तो दातओठ खाऊन बॅट फिरवतो, आणि चेंडू बिचारा अजून वरच असतो. असं कुणाचं झालं की मामा बाकावरून ओरडायचा, "सबुरी रे, सबुरी!" हे तो इतक्या वर्षांत इतक्या वेळा ओरडला, की आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

आता पिचर काय एका साच्यातले नसतात. पोस्टाच्या टीमचा बुटका नियमापुरताच उंच टाकायचा. चेंडू सपाट, सरळ अंगावर. त्याच्यासमोर मामा बॅट आधीच मागे नेऊन तयारीत असायचा. बेकरीवाला चेंडू सोडताना बोटांनी फिरकी द्यायचा, तो येता येता मध्येच जीव सोडायचा. त्याला मामा एक पाऊल पुढे जाऊन गाठायचा. आणि दवाखान्याची मेट्रन! ती बाई चेंडू असा वर फेकायची की लोक माना वर करून बघत राहायचे. गच्चीवरून कुणी बादली ओतावी तसा तो सरळ खाली यायचा. तिच्यासमोर मामा अगदी मागच्या रेषेला टाच लावायचा आणि वाट बघायचा. बघणाऱ्याचा धीर सुटायचा, पण मामाचा नाही.

"पिचर कशाला बदलेल?" तो म्हणायचा. "बदलायचं आपण."

बसचंही त्याचं हेच. रस्त्याशी भांडायचं नाही. उतार आला की उताराचं व्हायचं, गर्दी आली की गर्दीचं. त्याच्या गाडीत उभ्या माणसाच्या हातातला चहा सांडायचा नाही, असं डेपोत म्हणायचे. बायको गेली तेव्हा लेक शाळेत होती. त्यानंतर मामाच्या आयुष्यात तीनच गोष्टी उरल्या: बस, रविवार आणि लेक. त्यातली कुठली पहिली हे त्याला कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

लेकीला चेंडू टाकायला त्यानेच शिकवलं, घरामागच्या बोळात. कपडे वाळत घालायची दोरी आडवी बांधलेली असायची आणि तिच्या पलीकडे कपडे भिजवायचा टब. चेंडू दोरीच्या वरून जायला हवा आणि टबात पडायला हवा. दोरीवर कपडे असले आणि त्यांना डाग लागला, तर धुवायचे तिने. पोरगी हट्टी. डाग लागू देईना आणि दोरी खालीही घेऊ देईना. उलट दरवर्षी दोरी वर चढत गेली. आता ती खोक्यांच्या कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर होती आणि कारखान्याच्या टीमची पिचर होती. मेट्रनच्या खालोखाल उंच चेंडू तिचाच. रोज सकाळी ती बापाच्याच बसने कामाला जायची. दारापाशी एकट्याची सीट होती, ती तिची. नेहमीच्या माणसांनाही ते ठाऊक होतं, तिथे कुणी बसायचं नाही.

आणि मग मेट्रनचा चेंडू दिसेनासा झाला.

म्हणजे असं, की तिच्या हातातून सुटताना दिसायचा, खांद्याएवढा वर गेलेला दिसायचा, आणि मग नाहीच. आभाळाने गिळल्यासारखा. मामा वाट बघत उभा, आणि एकदम छातीसमोर चेंडू हजर! पहिल्यांदा हे झालं तेव्हा त्याने उन्हाला शिव्या घातल्या. पुढच्या रविवारी रुंद काठाची टोपी घेऊन आला. टोपीने काय होणार? होतं नव्हतं तेवढं आभाळही झाकलं गेलं. कंडक्टर, म्हणजे त्याच्याच बसवरचा, डेपोच्या टीमचा कॅचर आणि एक नंबरचा टवाळ, म्हणाला, "मामा, टोपी घेतलीत की छत्री?" सगळे हसले, मामाही हसला.

पण माणूस पक्का. दिसत नाही तर नाही, त्याने मेट्रनकडे दुसऱ्या तऱ्हेने बघायला सुरुवात केली. ती चेंडू सोडताना घशातून "हं" करायची. हात जितका मागे जाईल तितका चेंडू वर. ते "हं" ऐकायचं, हाताचा झोका बघायचा, मग मनातल्या मनात चेंडूला वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं, आणि बॅट फिरवायची. पहिल्या दोन खेपांना हुकलं. तिसऱ्या खेपेला असा बसला की मेट्रन स्वतः म्हणाली, "मामा, म्हातारपणी जास्तच दिसायला लागलं की तुम्हाला!"

इथेच घात झाला. चेंडू लागतोय ना? मग डोळे ठीक आहेत. न दिसणारा चेंडू मारता येत होता, म्हणून त्याने ठरवून टाकलं की तो दिसतो. प्रत्येक पिचरची खोड त्याला तोंडपाठ होती, त्यामुळे चेंडूची गरजच उरली नाही. डेपोच्या डोळे तपासणीतही तो नापास झाला नाही. तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ त्याने धडाधड वाचली, कारण समोरचं त्याला लख्ख दिसत होतं. गेला होता तो वरचा भाग आणि थोडा कडेचा. तक्ता काही डोक्यावर टांगत नाहीत.

सिग्नल मात्र टांगतात. रस्त्यावर मोठ्या चौकांमध्ये आडव्या दांडीला वर लोंबणारे सिग्नल होते. मामाने त्यांनाही मेट्रनसारखंच जमवून घेतलं. शेजारची गाडी थांबली की आपण थांबायचं, ती निघाली की निघायचं. हे आपण करतोय, हेसुद्धा त्याने स्वतःला कधी नीट सांगितलं नाही. कधी तरी गाडी डेपोत लावल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवून तो बसून राहायचा. डॉक्टरकडे जावं, असं मनात यायचं. मग वाटायचं, गेलो आणि डॉक्टरने बस काढून घेतली तर? बस गेली की रविवार जातो, कारण टीम डेपोची. मग उरलो कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. तो खिडक्या लावायचा आणि घरी जायचा.

एका सकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात शेजारी गाडीच नव्हती. रस्ता मोकळा होता. अर्धी बस पेंगत होती, कंडक्टर मागे तिकिटं फाडत होता. मामा सरळ निघाला. दाराच्या बाजूला काही तरी कट्कन मोडल्याचा आवाज झाला.

"बाबा!" लेक म्हणाली. मग जरा थांबून, "बाबा, लाल होता."

"पिवळा होता गं."

"लाल होता."

"बरं बाई, लाल. कसला आवाज झाला? बाटली होती वाटतं रस्त्यात."

लेक दारातून मागे वळून रस्त्याकडे बघत होती. उतरताना रोज ती "येते" म्हणायची, त्या दिवशी ते म्हणायचं राहिलं. चारेक दिवसांनी जेवताना तिने सांगितलं, की कारखान्यात तिची वेळ बदलली, आता आधीच्या बसने जावं लागेल. मामा म्हणाला, "तरी बरं, उशिराची नाही केली." दुसऱ्या दिवसापासून दारापाशची सीट रिकामी राहिली. काही दिवस तिथे कुणी बसेना. मग एक शिवणकामवाल्या बाई आपली पिशवी घेऊन बसायला लागल्या.

सेमीफायनलला डेपोसमोर नेमका खोक्यांचा कारखाना आला. कंडक्टरला तर चेवच चढला. "आज घरचीच लढाई! मामा, जेवण मिळणार का रात्री?"

"तिचा चेंडू मी डोळे मिटून मारीन," मामा म्हणाला. आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाकी सगळ्यांच्या खोडी त्याने शिकून घेतल्या होत्या, हिची तर त्यानेच लावलेली. दोरीवरून, टबात. ती लय त्याच्या हाडांत होती.

शेवटच्या डावात डेपो एका रनने मागे, दोघं जण बेसवर, म्हणजे रनच्या अर्ध्या वाटेवर, दोघं आउट, आणखी एक गेला की खेळ खलास. मामा बॅट घेऊन आला. कारखान्याची पोरं कधीच फायनलला गेलेली नव्हती. ती श्वास रोखून उभी होती. मामाचे पाय आपले आपण मागच्या रेषेला जाऊन टेकले.

लेकीने चेंडू हातात धरला आणि बापाकडे बघितलं. मग हात मागे नेला. मामाने झोका पाहिला, मनातल्या मनात चेंडू दोरीवरून नेला, खाली आणला आणि बॅट फिरवली. बॅट हवेतून गेली. चेंडू त्यानंतर खाली आला आणि चटईवर टपकला. बोळातल्यापेक्षा ती चेंडू हातात किंचित जास्त वेळ धरून ठेवत होती, आणि चेंडू जास्त वर जात होता. पोरगी मोठी झाली होती, तिचा हात आता तिचा होता.

"सबुरी, मामा, सबुरी!" कंडक्टर ओरडला. सगळं मैदान हसलं.

दुसऱ्या चेंडूला मामाने बॅट फिरवली नाही. या वेळी बघायचं, असं त्याने ठरवलं. मान वर केली. आभाळ पांढरं होतं, सकाळपासून भरून आलेलं. त्या पांढऱ्यात तो चेंडू शोधत राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पायाशी धप्प झालं तेव्हा तो दचकला. स्ट्राइक. इतके महिने जे त्याने स्वतःला सांगितलं नव्हतं, ते एकदम कुणी तरी कानात ओरडून सांगितल्यासारखं झालं.

त्याने लेकीकडे पाहिलं. ती चेंडू हातात घेऊन उभी होती, टाकत नव्हती. पंच म्हणाले, "चल, पोरी." तिची टीम ओरडत होती, "तसाच! अगदी तसाच टाक!" तसाच टाकला असता तर सामना तिचा होता, लहान पोरालाही कळत होतं.

तिने तो सपाट टाकला. हाताखालून, छातीएवढा, सरळ त्याच्या नाकासमोर. तीन वर्षांच्या मुलाला टाकतात तसा.

"खाली आहे!" पंच ओरडले. नियमापेक्षा खालचा चेंडू सोडून दिला तर मोजत नाहीत, पण मारला तर मारला. मामाने मारला. समोर लख्ख दिसला आणि हात गेला, एवढंच. चेंडू लांब कुंपणापर्यंत घरंगळत गेला, बेसवरच्या दोघांचेही रन पुरे झाले, डेपो जिंकला. कंडक्टरने मामाला कमरेत धरून उचललं. पोरं नाचत होती. कारखान्याच्या टीममधली एक जण लेकीच्या अंगावर धावून आली, "असा चेंडू टाकतं का कुणी? बापाला जिंकवायचं होतं तर तिकडूनच खेळायचं होतंस!" लेक खाली मान घालून ऐकत होती.

मामा पहिल्या बेसवर उभा होता. आयुष्यात इतकी टोलवाटोलवी केली, पण असं मेल्याहून मेल्यासारखं त्याला कधी झालं नव्हतं.

मैदान रिकामं झाल्यावर ती नळावर तोंड धूत होती. तो तिथे गेला.

"मुद्दाम टाकलास."

"हो."

"का? दया आली बापाची?"

"तिसराही तसाच पडला असता तर सगळ्यांना दिसलं असतं, बाबा." तिने ओढणीने तोंड पुसलं. "दुसऱ्या चेंडूला तुम्ही कुठे बघत होतात? चेंडू तुमच्या डोक्यावर होता आणि तुम्ही त्या झाडाकडे बघत होतात."

"उन्हामुळे गं."

"ऊन कुठे आहे?"

मामाने वर पांढऱ्या आभाळाकडे बघितलं. मग त्याला आणखी काही तरी उमगलं आणि त्याने नळाचा खांब धरला. "तुझी वेळ… वेळ बदललीच नव्हती तुझी."

तिने मानेनेच हो म्हटलं. "त्या दिवशी बाटली नव्हती, बाबा. एक आजोबा होते. दाराच्या बाजूने रस्ता ओलांडत होते, काठी टेकत. त्यांना हिरवा होता. ते मागे पडले म्हणून वाचले. त्यांच्या काठीवरून गेली आपली बस."

मामा खालीच बसला, नळाच्या ओल्या कट्ट्यावर.

"मी घाबरले. मग मी आधीच्या बसने जायला लागले. कारखान्याच्या गेटवर उभी राहते तुमची बस येईपर्यंत. नीट गेली की मग आत जाते. सुपरवायझर रोज विचारतो, इतक्या लवकर येऊन गेटवर काय करतेस." तिचा आवाज फाटला. "माझी मी उतरले, बाबा. आत बसलेल्या माणसांना काहीच सांगितलं नाही. कुणाला सांगू? डेपोत सांगितलं तर तुमची बस जाणार, नाही सांगितलं तर… धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. ती शिवणकामवाली बाई माझ्या सीटवर बसते ना, तिला बघितलं की मला रात्रभर झोप येत नाही."

बापाला रागवायचं होतं. आधी का नाही बोललीस, असं ओरडायचं होतं. पण बोलली होती की ती. लाल होता, असं दोनदा म्हणाली होती. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान मुलासारखा रडला, इतकं की नळ बंद करायलाही दोघांना सुचलं नाही.

सोमवारी त्याने गाडी काढली नाही. मॅनेजरच्या टेबलावर बिल्ला ठेवला आणि म्हणाला, "साहेब, मला वरचं दिसत नाही." मॅनेजरला वाटलं, सामना जिंकल्याची मस्करी चाललीय. डॉक्टर मात्र हसले नाहीत. काचबिंदू आहे म्हणाले. गेलं ते गेलं, ते परत येणार नाही, आता उरलेलं राखायचं. थेंब दिले. वर्षभर आधी आला असतात तर, असं म्हणायला लागले आणि मामाचा चेहरा बघून थांबले.

डेपोने त्याला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. छत्र्या, डबे, एकेकटे बूट, काठ्या. छत्र्या त्याने रंगाप्रमाणे लावल्या. काठ्यांना हात लावला नाही. रविवारी टीम त्याला घेऊन जायची, फायनलला तर शर्ट घालून बाकावर बसवलं. नव्या पोराने मेट्रनसमोर घाईत बॅट फिरवली तेव्हा सगळे मामाकडे वळले, आता ओरडणार म्हणून. मामा गप्प बसून राहिला. सबुरी कुणाला शिकवायची आणि कुठल्या तोंडाने? पुढे त्याने जाणं सोडलं.

आता सकाळी कामाला तो लेकीबरोबर जातो. त्यांची जुनीच बस, ड्रायव्हर नवा, कंडक्टर तोच. पण तो हल्ली फार टवाळी करत नाही. शिवणकामवाल्या बाईंनी लेकीची सीट परत दिली, लेकीने ती मामाला दिली. ती शेजारी दांडा धरून उभी राहते.

पहिल्या सकाळी टाकीजवळचा चौक आला. मामा समोर बघत बसला होता, हात मांडीवर. बस हळू झाली आणि थांबली. मग मामाचा उजवा पाय जोरात खाली दाबला गेला, मोकळ्या पत्र्यावर. आधी बस थांबली, पाय नंतर दाबला गेला.

मामाने आपल्या पायाकडे बघितलं. लेकीनेही बघितलं. वाकून ती हळूच म्हणाली, "लाल आहे, बाबा. थांबलाय तो."

"हो गं," मामा म्हणाला. "मला आत्ता कळलं." समोरून माणसं रस्ता ओलांडत होती.